पेवातला पांढरा सदरा

रशीदचाचा, तुमच्या स्लाइडी लाल मी केल्या.

हे वाक्य आधी लिहून टाकतो. नाहीतर सोसायटीच्या पत्रासारखा 'उपरोक्त विषयास अनुसरून' करत मी मुद्द्याभोवती फिरत राहीन, आणि तुम्ही म्हणायचात तसं पुन्हा कुणीतरी म्हणेल, "दिगू, आधी बैल दाव बाबा, मग शिंगं मोज." तर हा बैल. वर्षानुवर्षं तुमच्या स्लाइडींची डबी मी संस्थेच्या गोदामात ठेवली. खाली युरियाची पोती, वर मे महिन्यात हात लावला तर पोळेल असा पत्रा, आणि मध्ये लोखंडी कपाट. कपाटात संस्थेचा शिक्का, ठरावांचं पुस्तक आणि तुमच्या स्लाइडी. कुलूप लागणारी जागा तेवढी एकच होती. मोलाची वस्तू कुलपात ठेवायची एवढंच मला ठाऊक होतं. ऊन कुलपाला विचारत नाही, हे ठाऊक नव्हतं.

गेल्या शुक्रवारी तुम्हाला माती देऊन आलो. कब्रस्तान बरडीच्या, आपल्या मुरमाड टेकडीच्या, अगदी समोर. तीन मुठी माती टाकली तेव्हा ती हातात नीट निरखून पाहिली. मुरमाची, तांबडी. खरोखरची तांबडी, चाचा. वर डोळे केले तर समोर बरड, पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवी. तुमच्या मय्यतीला आलेला प्रत्येक माणूस हात झटकताना तिकडंच बघत होता. मला वाटलं, हा तुमचाच स्लाइडींचा कार्यक्रम चालला आहे. भिंत तेवढी मोठी आहे.

कपिलधारच्या अलीकडच्या डोंगररांगेतलं आपलं गाव, आणि त्या गावाची ही बरड. मी बावीस वर्षांचा असताना तिच्यावर शेळी सोडली तर ती दगड हुंगून परत यायची. सलग दोन वर्षं पाऊस नव्हता. बारव कोरडी, टँकर दोन दिवसांआड. अशा वर्षी अण्णा चेअरमननं गावाला गोळा केलं, गवत आणि झाडं लावणारी सहकारी संस्था काढली आणि सरकारकडून ती गायरान बरड पंधरा वर्षांच्या पट्ट्यानं घेतली. लोक हसले. दगड भाड्यानं घेणारे म्हणून आपली ख्याती पंचक्रोशीत झाली. मी बारावी पास, म्हणून सचिव. तुम्ही बीडला स्टुडिओ चालवून रोज गावी परतणारे, म्हणून संस्थेचे फोटोवाले. एका प्रशिक्षणात संस्थेला जुना प्रोजेक्टर मिळाला होता. तुम्ही म्हणालात, "कागदावरचा फोटो चेअरमनच्या घरात राहतो. भितीवरचा समद्या गावाचा असतो. आपुन स्लाइडी काढू."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बैल विसाव्याला आणि माणसं मोकळी, तेव्हा तुम्ही बरडीसमोरच्या एका दगडाला चुना फासला. त्यावर कॅमेरा टेकवला. मला पांढरा सदरा घालून, हातात साल लिहिलेली शाळेची पाटी देऊन पुढं उभं केलंत. "दरसाल करीला, हाच दगड, हीच येळ. पाटी फकस्त बदलंल."

"आणि सदरा?" मी विचारलं.

"सदरा पांढराच. रंगाचा काही वाद झाला तर पांढऱ्याला साक्षीला बोलवायचं असतंय."

तुम्ही बटण दोनदा दाबलंत. मला वाटलं पहिला फोटो हुकला. तुम्ही म्हणालात, "एक संस्थेला, एक मला. बैलाची जोड असती, फोटोची बी असावी."

त्या वर्षीची सभा शाळेच्या खोलीत झाली. भर दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला. भिंतीवर बरड उमटली, उजाड, भगभगीत, वर निळंशार कोरडं आभाळ, आणि कोपऱ्यात मी. माझा सदरा भिंतीवर असा पांढरा फटफटीत दिसला की कौसाबाई मागून ओरडल्या, "आगं बया, दिग्या नवरदेव दिसतोय की! नवरी कुठं हाय, त्या धोंड्यामागं?" खोली हसली. मी लाजलो. हे मी मुद्दाम लिहितो आहे. तो सदरा भिंतीवर पांढरा उमटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

पुढं गवत धरलं. चौथ्या वर्षी गुडघ्याएवढं झालं. तुमच्या स्लाइडी एकीमागून एक लावल्या की बरड भिंतीवर हळूहळू श्वास घेतल्यासारखी हिरवी व्हायची. पुन्हा एकदा पाऊस रुसला, त्या वर्षीच्या सभेत तुम्ही हिरवी स्लाइड लावलीत आणि पुढची सरकवायला गेलात, तर कौसाबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाई. काढू नका. बघू द्या जरा." मग सगळ्याच बाया म्हणाल्या. अण्णांचं भाषण होईस्तोवर ती एकच स्लाइड भिंतीवर राहिली. तुमचा हात मात्र सारखा बटणाकडं जात होता. सभा संपल्यावर तुम्ही मला हळूच सांगितलंत, "दिव्याच्या तोंडाशी लई येळ ठिवली की स्लाइडीचा रंग जळतोय. पन बायांनी बघायला मागितलं, न्हाई कसं म्हनू?" ती स्लाइड पुढं फिकी पडत गेली. संस्थेची एकच स्लाइड अशी आहे जी बघून बघून संपली. बाकीच्यांच्या वाट्याला तेवढंही सुख आलं नाही. त्या माझ्या कपाटात, कुणी न बघता बिघडल्या.

आता ती सुनावणी.

पंधरा वर्षांचा पट्टा संपला. नव्यानं मिळवायचा तर बरड आधी उजाड होती आणि संस्थेनं ती हिरवी केली, हे दाखवायला हवं होतं. गावातल्याच एका पुढाऱ्यानं हरकत घेतली होती. त्याचं म्हणणं, तिथं पूर्वीपासून गवत आहे, यांनी काडी लावलेली नाही, जमीन मोकळी करा. आपल्याकडं तुमच्या स्लाइडी होत्या. मी छाती काढून कपाट उघडलं, डबी तशीच तुमच्या हातात दिली. त्याआधी तीन-चार वर्षं प्रोजेक्टर बिघडलेला होता, म्हणून ती डबी कुणी उघडलीच नव्हती. तुम्ही ऐन वेळी प्रोजेक्टर दुरुस्त करून आणलात आणि आम्ही बीडच्या कचेरीत गेलो. अधिकाऱ्यांसमोरच्या भिंतीवर तुम्ही पहिली स्लाइड लावलीत.

बरड लाल. आभाळ गुलाबी. पाटीवरचा खडू गुलाबी. आणि मी गुलाबी सदऱ्यात.

पुढारी उठला. "साहेब, आमचे सचिव त्या साली गुलाबी सदरा घालत व्हते काय, इचारा जरा. सिनेमात जायचा इरादा व्हता काय बे, दिगंबर?" कचेरी खदखदली. शिपाईसुद्धा हसला. "आन आभाळ बी गुलाबी! ही जमीन उजाड न्हवती साहेब. ही उजाड रंगवल्याली हाय."

तुम्ही घाईनं गवताच्या सालाची एक स्लाइड लावलीत, ती हिरवीगार निघाली आणि संशय आणखी वाढला. अधिकारी माझ्याकडं वळले. "या फोटोंना रंग दिलाय का?"

चाचा, मला उत्तर माहीत होतं. सदरा पांढरा होता. भिंतीवर तो पांढरा दिसला होता आणि सगळा गाव त्यावर हसला होता. मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, ही स्लाइड आली तेव्हा चांगली होती, नंतर काहीतरी बिघडलं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, ठेवली कुणी होती? शिवाय ते हसणं अजून कानात होतं. मी म्हणालो, "फोटो आमच्या फोटोग्राफरनं काढलेत. त्यांनी काही केलं असेल तर संस्थेला माहीत नाही."

तुम्ही प्रोजेक्टरपाशी उभे होतात. दिवा बंद केलात, पण पंखा चालू ठेवलात. दिवा गार झाल्याशिवाय पंखा बंद करायचा नसतो, असं तुम्हीच शिकवलं होतंत. मी तुमच्यावर आळ घेतला त्या क्षणीसुद्धा तुम्ही संस्थेचा दिवा फुटू नये म्हणून तिथं उभे राहिलात. तो पंखा फिरत होता तेवढा वेळ मी जमिनीकडं बघत होतो.

बाहेर कडुलिंबाखाली तुम्ही मला गाठलंत. "दिगू, रंग चढवल्याला न्हाई, उडाल्याला हाय. माझ्याकडं जोड हाय, घरी. उद्या आनतो. सायबाला दाव."

"आता नको चाचा. आता ते मिटलं."

"मिटलं? कुनाचं मिटलं बे?"

मी एस.टी.कडं चालू लागलो.

वरच्या निम्म्या बरडीवर झाडं उभी होती, ती मोजता आली, म्हणून तेवढी आपल्याकडं राहिली. खालची निम्मी गेली. तिच्यावर कुणाचाच हात राहिला नाही. मोकाट गुरं चरली आणि तीन पावसाळ्यांत खाली पुन्हा मुरूम दिसायला लागला. आणि संस्थेचं नाव वाचवायचं म्हणून त्या वर्षीच्या सभेत मी माझ्या अक्षरात ठराव लिहिला: "छायाचित्रांच्या रंगात छायाचित्रकाराने परस्पर फेरफार केल्याचे दिसून येत असल्याने त्याची जबाबदारी संस्थेवर नाही." तुम्ही सभासद म्हणून तिथं चटईवर बसला होतात. पुढच्या वर्षी विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मी ते वाचलं. अण्णांनी विचारलं, कायम? लोक म्हणाले, कायम. तुमच्यासमोर.

गावातली लग्नं तुमच्याकडून गेली. "रशीदभाईकडून फोटो काढू नका, नवरी गुलाबी करतेत," अशी थट्टा एस.टी.त चालायची आणि मी खिडकीतून बाहेर बघायचो. तुम्ही भांडला नाहीत. फक्त मला दिगू म्हणायचं सोडलंत. "राम राम, सचिवसाहेब." एवढंच. चाची मात्र दर ईदला शिरखुर्म्याचा डबा पाठवत राहिल्या. तो डबा रिकामा करून परत देताना माझ्या बायकोला काय वाटायचं ते तिनं मला कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आणि तुम्ही फोटो काढत राहिलात. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दरसाल करीला, त्याच चुना लावलेल्या दगडावरून. पाटी धरायला कोणी नाही, म्हणून पाटी दगडाला टेकवून. फिल्म मिळेनाशी झाली तेव्हा मुलाच्या मोबाइलवर. ज्या संस्थेनं तुम्हाला खोटं ठरवलं तिचं काम तुम्ही एक वर्षही चुकवलं नाहीत. मी याला चांगुलपणा समजत होतो. आता वाटतं, तो हट्ट होता. बरडीचा साक्षीदार म्हणून तुम्ही स्वतःचं नाव दिलं होतंत, आणि साक्षीदारानं तारीख चुकवायची नसते.

मग दहा-बारा वर्षांनी तो मोठा दुष्काळ आला. त्या वर्षी वावटळीत गोदामाचे चार पत्रे उडाले. कपाट उन्हात आलं. मी सामान बाहेर काढलं, स्लाइडींची डबी हातात आली, आणि काही न ठरवता एक स्लाइड उन्हाकडं धरली. ती पहिल्या वर्षाची नव्हती. दहाव्या-बाराव्या वर्षाची, गवत कमरेला लागत होतं त्या सालाची. सुनावणीच्या दिवशी हीच स्लाइड हिरवीगार होती, पुढाऱ्यानंच तिच्याकडं बोट दाखवून म्हटलं होतं, "ही खरी, ती खोटी." आता तिच्यातलं गवत विटेच्या रंगाचं झालं होतं. आभाळ गुलाबी.

मी एकेक करून सगळ्या धरल्या. सगळ्या लाल.

उजाड साल लाल केलं, असा तुमच्यावर आरोप होता. पण गवताचं साल कोण कशाला लाल करील? आणि कधी करील? डबी तर माझ्या कुलपात होती, किल्ली माझ्या करदोट्याला. मी युरियाच्या पोत्यांवर बसलो. पोत्याला हात लागला, ते तापलेलं होतं.

तीन दिवस तुमच्याकडं आलो नाही, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तीन वेळा निघालो आणि मारुतीच्या पारापासून परत फिरलो. चौथ्या दिवशी आलो तेव्हा तुम्ही अंगणात बाजेवर बसून चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत होतात.

"या, सचिवसाहेब."

मी डबी तुमच्यापुढं ठेवली. तुम्ही एक स्लाइड बघितलीत, दुसरी बघितलीत. मला वाटलं आता शिव्या घालाल. तुम्ही म्हणालात, "आरारारा. भाजून काढल्या की बे."

मग तुम्ही मला शिकवलंत. त्या वयात, त्या सगळ्यानंतर, लहान पोराला शिकवावं तसं. स्लाइडीत रंगाचे तीन थर असतात: एक पिवळा, एक किरमिजी, एक आकाशी. तिघं मिळून सगळी दुनिया दाखवतात. पण तिघांची ताकद सारखी नसते. उकाडा आणि दमट हवा लागली की त्या जुन्या फिल्मांतला आकाशी आधी विरतो, अंधारात ठेवला तरी. लाल उजेड अडवायचं काम त्याचं. तो गेला की लाल मोकळा सुटतो. मागं पिवळा आणि किरमिजी राहतात, आणि त्या दोघांचं मिळून लालच होतं.

"आपल्या गावावानी हाय बघ," तुम्ही म्हणालात. "दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घिऊन ऊसतोडीला जातंय. मागं ऱ्हात्यात म्हातारे. आता परक्या मानसानं तवा गावात यावं आन म्हनावं, ह्या गावानं म्हातारे आनून बसवलेत! आरं, आनले न्हाईत. जे व्हते तेच ऱ्हायलेत. बाकीचे गेलेत. तसं हाय. रंग चढला न्हाई बे, रंग गावाला गेला."

बे म्हणालात. सचिवसाहेब नाही.

"आणि तुमची जोड?" मी विचारलं.

तुम्ही हातातल्या चष्म्यानं अंगणातल्या फरशीकडं खूण केलीत. फरशीखाली पेव होतं, ज्वारी साठवायला आजोबांनी जमिनीत खोदलेलं, तोंड घागरीसारखं अरुंद आणि पोट खोलीएवढं. "ज्वारी संपली त्या पैल्या दुष्काळात. पेव मोकळंच व्हतं. म्हनलं, दाना न्हाई तर फोटो ठिवू. वर कितीबी तापू दे, आत माठावानी गार."

तुमचे गुडघे गेलेले. फरशी सरकवून पेव अर्धा दिवस उघडं ठेवलं, आधी कंदील उतरवून बघितला, तो विझला नाही, मग दोराला धरून मी उतरलो. पन्नाशीचा माणूस, पोट घेऊन, त्या तोंडातून. वरून तुम्ही, "आडकला तर सांग, पुढच्या सुगीला काढतो." खाली खरंच गार होतं. भिंतीशी दूध पावडरीचे डबे, झाकणाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवलेली. आत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, ओल शोषायला. आणि पुडक्यांत स्लाइडी, प्रत्येकीवर साल.

वर येऊन पहिल्या वर्षाची जोड उन्हात धरली. डाव्या हातात माझी, उजव्या हातात तुमची. एकाच करीच्या, एकाच मिनिटाच्या, एकाच फिल्मवरच्या. डावीकडं गुलाबी सदरा. उजवीकडं जरासा पिवळसर झालेला, पण पांढरा. पांढरा, चाचा. आभाळ निळं. खडू खडूसारखा. आणि त्या पांढऱ्या सदऱ्यात बावीस वर्षांचा एक मुलगा, ज्यानं अजून काहीच खोटं बोललेलं नव्हतं.

"पांढराच व्हता," मी म्हणालो.

"मग? मला ठाव न्हाई का? मीच काढला न्हाई का?" तुम्ही म्हणालात, आणि आत ओरडून चहा टाकायला सांगितलंत.

त्याच वेळी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. चहा प्यालो. लिहिलं की किती सोपं दिसतं.

त्या दुष्काळात गावोगावची जनावरं छावण्यांत गेली. आपल्या गावाची दावण हलली नाही. वरच्या निम्म्या बरडीचं गवत पुरवून पुरवून कापलं, आणि रोज सकाळी भारे उतरताना प्रत्येक जण खालच्या उजाड निम्म्याकडं बघून हिशेब करायचा: ही असती तर शेजारच्या गावालाही दिलं असतं. त्या रिकाम्या निम्म्याला कारण मी होतो. तेव्हा ठरवलं की ती परत आणायची.

दुसऱ्या सुनावणीचा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आहे, लग्नाचाही नंबर त्याच्यानंतर. तुम्ही पांढरा पायजमा, काळी टोपी, काखेत दूध पावडरीचा डबा. गावातल्या मुलांनी जोड्या मोठ्या करून छापल्या होत्या, पण तुम्ही अधिकाऱ्यांच्या हातात मूळ स्लाइडी दिल्यात, एक लाल, एक चांगली, आणि म्हणालात, "खिडकीकडं धरा साहेब. भितीपेक्षा ऊन खरं बोलतंय." मग ऊसतोडीची गोष्ट सांगितलीत. अधिकारी बाई हसल्या, मग एकेक साल बघत गेल्या. उजाड. खुरटं. गुडघाभर. कमरेएवढं. मग तुमच्या हट्टाची सालं: वर हिरवी, खाली उजाड होत गेलेली बरड, एकाच चित्रात दोन्ही. संस्था असली की काय होतं आणि नसली की काय होतं, दोन्हीची साक्ष एका दगडावरून. त्याच पुढाऱ्याचा मुलगा हरकत घेऊन आला होता. तो ती चित्रं बघत राहिला. हळूच म्हणाला, "आमची बी जनावरं तिथलंच गवत खाऊन जगली, म्याडम." आणि बसला.

बाईंनी लाल जोड उचलून विचारलं, "ही कुणी ठेवली होती?"

"मी," मी म्हणालो. "पत्र्याच्या गोदामात." आभाळ कोसळलं नाही. मीच इतकी वर्षं ते धरून उभा होतो.

पूर्ण बरड मिळाली. वरची आणि खालची. कचेरीबाहेर अण्णांचा मुलगा, कौसाबाई, सगळी पोरं तुम्हाला उचलायला धावली आणि तुम्ही ओरडत होतात, "आरं डबा! डबा संभाळा, मला पडू द्या!"

एक वाद आपला राहूनच गेला. मुलांनी संगणकावर लाल स्लाइडींचे रंग दुरुस्त केले, पाटीचा खडू पांढरा धरून. मला ते कार्यालयात लावायचे होते. तुम्ही म्हणालात, "हा अंदाज हाय. त्या दिवशीचं आभाळ मशिनीला काय ठाव?" मी म्हणालो, निदान लाल तरी नको. तुम्ही म्हणालात, "लाल बी लाव. ती बी खरीच हाय. ती तुझ्या गोदामाचा फोटो हाय." मी रागावलो होतो. आता कार्यालयात तिन्ही लागल्या आहेत, चाचा. पेवातली, दुरुस्त केलेली आणि लाल. लालच्या खाली मी माझं नाव लिहिलं आहे.

परवा कर झाली. फोटो मी काढला. दगडाला चुना मी लावला. पांढरा सदरा घालून पाटी धरायला तुमचा नातू उभा राहिला. बटण दोनदा दाबलं.

राहिलं ते एकच, आणि ते गेल्या वर्षीच्या सभेत झालं, शाळेच्या त्याच खोलीत. तुम्ही पुढच्या चटईवर, उजवा कान माझ्याकडं करून बसला होतात. मी नवा ठराव वाचला: "छायाचित्रकार सभासदाविषयी पूर्वी झालेला ठराव गैरसमजातून झालेला असल्याने तो रद्द करण्यात येत आहे, व त्याबद्दल संस्था दिलगिरी व्यक्त करते." अण्णांच्या मुलानं विचारलं, मंजूर? लोक हात वर करायला लागले.

तुम्ही कानामागं हात धरलात. "ऐकू न्हाई आलं दिगू. जरा मोठ्यानं वाच."

लोक हसले. मीही हसलो, आणि कागद वर धरला. पण तुम्ही हसत नव्हतात. तुम्ही माझ्याकडं बघत होतात, कॅमेऱ्यामागून बघायचात तसे, समोरचा माणूस हलायचा थांबेस्तोवर वाट बघत. तेव्हा मला कळलं की तुम्हाला पहिल्या वेळीच सगळं ऐकू आलं होतं. कागदावर 'गैरसमज' लिहिलं होतं. कागदावर 'संस्था' लिहिलं होतं.

मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि मागच्या चटईवरच्या कौसाबाईंनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "रशीदचाचा, गैरसमज झाला नव्हता. ह्याच भिंतीवर माझा सदरा पांढरा मी पाहिला होता. तुम्ही रंग चढवला नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी भ्यालो म्हणून तुमचं नाव घेतलं. स्लाइडी मी खराब केल्या. खोटं मी बोललो. संस्था नाही, मी. मला माफ करा."